पऱ्हाटीपासून बायोचार: खड्डा खणण्यापासून टोबणीपर्यंत

उलंगवाडी, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी, झाली की विदर्भातल्या वावरांत वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडे, तेवढी उभी राहते. कोरडवाहू कपाशीच्या एका एकरातून ती साधारण एक टन निघते. त्यातली काही चुलीसाठी घरी येते, काही धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) कुंपणाला लागते आणि उरलेली ढीग करून एखाद्या संध्याकाळी पेटवून दिली जाते. उघड्यावर जळणाऱ्या त्या ढिगातला जवळजवळ सगळा कार्बन धुरावाटे हवेत जातो आणि सकाळी वावरात राखेचा एक पांढरा डाग उरतो. तीच पऱ्हाटी शंकूच्या आकाराच्या खड्ड्यात थरावर थर देत जाळली आणि योग्य वेळी विझवली, तर तिच्यातल्या कार्बनचा बराच भाग कोळशाच्या रूपाने हाती येतो. शेतीसाठी केलेल्या अशा कोळशाला बायोचार म्हणतात. तो कसा करावा हे या लेखात सविस्तर सांगितले आहे. पण आपल्या काळ्या जमिनीत तो कोठे टाकावा आणि कोठे टाकू नये, हे त्याहून महत्त्वाचे आहे आणि त्याविषयी फार कमी सांगितले जाते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. पऱ्हाटी हे गावातल्या अनेक भूमिहीन कुटुंबांचे वर्षभराचे सरपण आहे. ज्यांना ती चुलीसाठी हवी आहे त्यांना ती आधी नेऊ द्यावी. जी एरवी धुऱ्यावर पेटवली जाणार होती तिचाच बायोचार करावा. सोयाबीनचे कुटार (भुसा) जनावरांसाठी ठेवावे. ज्यांच्याकडे पऱ्हाटी बारीक करणारे यंत्र उपलब्ध आहे त्यांनी ती जमिनीत कुजवणे हाही चांगला मार्ग आहे.

या कोळशाकडे संशोधकांचे लक्ष वेधले गेले ते ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या ‘टेरा प्रेटा’ नावाच्या काळ्या मातीमुळे. तेथील जुन्या वस्त्यांनी कोळसा, हाडे, खापरे आणि टाकाऊ पदार्थ मिसळून घडवलेली ती माती शेकडो वर्षांनंतरही भोवतालच्या निकस जमिनीपेक्षा कसदार राहिली आहे आणि तिच्यातला कोळसा अजून टिकून आहे. पाला-कचरा कुजून काही वर्षांत संपतो. कोळशातल्या कार्बनची रचना मात्र अशी घट्ट असते की जीवाणूंना तो सहजासहजी फोडता येत नाही. म्हणूनच हवामान बदलावरील आंतरशासकीय मंडळाने, म्हणजे आयपीसीने, २०१८ च्या विशेष अहवालात हवेतील कार्बन कमी करण्याच्या उपायांमध्ये बायोचारचा समावेश केला.

खड्डा आणि पूर्वतयारी

महागडी भट्टी लागत नाही. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने लोखंडी ड्रमपासून बायोचारची सुटसुटीत भट्टी तयार केली आहे आणि ज्यांना ड्रम मिळतो त्यांनी ती अवश्य वापरावी. पण पऱ्हाटीसारख्या लांब काड्यांसाठी खड्डा अधिक सोयीचा, कारण त्यात तुकडे फारसे करावे लागत नाहीत. हान्स-पीटर श्मिट आणि पॉल टेलर यांनी २०१४ मध्ये ‘कॉन-टिकी’ नावाची उघड्या तोंडाची शंकूसारखी भट्टी पुढे आणली. नेपाळमध्ये अशा भट्ट्यांची मोजमापे झाली, त्यांत साधा मातीचा खड्डाही होता. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कोरड्या काडीच्या वजनाच्या सरासरी २२ टक्के बायोचार मिळाला आणि काडीतला सुमारे ४० टक्के कार्बन त्यात राहिला. म्हणजे एकरभर पऱ्हाटीतून साधारण दोनशे किलो कोळसा मिळतो.

खड्डा वरून पाच फूट रुंद, तळाशी दीड ते दोन फूट आणि खोलीला अडीच ते तीन फूट असावा. बाजू उतरत्या ठेवून फावड्याच्या पाठीने ठोकून घट्ट कराव्यात. निघालेली माती काठावर गोल रचावी, म्हणजे वाऱ्याला आडोसा होतो. जागा निवडताना आजूबाजूला तीस फुटांपर्यंत वाळलेले गवत, गंजी किंवा झाड नसावे. खड्ड्याशेजारी दोनशे लिटरचे दोन ड्रम पाण्याने भरून ठेवावेत आणि पाणी हाताशी येईपर्यंत आगपेटीची काडी ओढू नये.

पऱ्हाटी मुळासकट उपटून, मुळांची माती झटकून तीन ते चार आठवडे उन्हात वाळवावी. काडी वाकवली असता कट्‌ असा आवाज होऊन तुटली तर ती तयार आहे. नुसती वाकली तर अजून ओली आहे. वाळवण्याच्या नावाखाली ढीग जूनपर्यंत ठेवणे मात्र घातक ठरते, कारण शेंदरी बोंडअळी न उमललेल्या, किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या हंगामात तेथूनच पतंग बाहेर पडतात. कपाशीची फरदड घेऊ नये, म्हणजे हंगाम संपल्यावर तेच पीक पुढे राखू नये, असे केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि कृषी विद्यापीठ वर्षानुवर्षे सांगत आले आहे, त्यामागेही हेच कारण आहे. म्हणून डिसेंबर-जानेवारीत उपटलेली पऱ्हाटी फेब्रुवारीअखेरपर्यंत खड्ड्यात गेलीच पाहिजे, आणि काडीला लटकलेली कवडी (किडकी, न उमललेली) बोंडे तोडून पहिल्याच थरात टाकावीत.

जाळणे

वारा पडलेला असतो अशी सकाळची वेळ निवडावी. तळाशी सुकी काटकी आणि बारीक काड्या उभ्या-आडव्या रचून वरच्या बाजूने पेटवाव्यात. जाळ नीट धरला की जाड बुडखे आधी टाकावेत, कारण त्यांना कोळसा व्हायला सर्वांत जास्त वेळ लागतो. त्यावर पऱ्हाटीचा एक पातळ थर पसरावा.

यानंतरचे काम डोळ्यांचे आहे. वरच्या थरातल्या काड्या आधी पेटतात, मग काळ्या पडून लालभडक होतात आणि थोड्या वेळाने त्यांच्या कडांवर राखेची पांढरी साय धरू लागते. ती साय दिसू लागणे म्हणजे कोळसा आता जळून राख होऊ लागला आहे. त्याच क्षणी पुढचा थर द्यावा. नवा थर पेट घेतो, त्याच्या ज्वाळा वरून येणारा प्राणवायू वापरून टाकतात आणि खालच्या कोळशापर्यंत तो पोहोचू देत नाहीत. काडीतून निघणारा वायूही त्याच ज्वाळांत जळून जातो, त्यामुळे धूर फार कमी होतो. धूर वाढला तर थर जाड पडला किंवा काडी ओली आहे असे समजून थांबावे आणि ज्वाळा पुन्हा मोकळी होऊ द्यावी. घाई करणारा माणूस या कामावर ठेवू नये. शांतपणे उभे राहून जाळ वाचणारा एक माणूस आणि काडी देणारा दुसरा, एवढी दोन माणसे पुरतात. खड्डा काठोकाठ भरायला दोन ते चार तास लागतात. डोळ्यांवर चष्मा, अंगात सुती कपडे असावेत, नायलॉनचे नसावेत. लहान मुलांना दूर ठेवावे आणि हे काम गोठ्यात किंवा कोणत्याही बंदिस्त जागेत कधीही करू नये, कारण विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूचा वास येत नाही.

शेवटच्या थरावर राखेची साय दिसली की लगेच विझवावे. विझवण्यातच बहुतेकांचे चुकते आणि माझेही चुकले होते. पहिल्या वर्षी दोन बादल्या पाणी वरून ओतले, वाफ उठली, वरचा थर काळा दिसला आणि काम झाले असे समजून मी घरी गेलो. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहिले तर खड्डा अर्धा खाली बसला होता आणि फावडे घातल्यावर आतून करडी राख निघाली. रात्रभर आत धुमसत राहून दिवसभराची मेहनत संपली होती. तेव्हापासून मी दोन्ही ड्रम रिकामे करतो, पाणी ओतताना फावड्याने कोळसा तळापासून वरखाली करतो आणि हात लावता येईल इतका गार झाल्यावरच थांबतो. पाण्यात गोमूत्र मिसळले तर उत्तम. गार झालेला कोळसाही एक पूर्ण दिवस मोकळ्या जागी पातळ पसरून ठेवावा आणि मगच पोत्यांत भरावा.

कोळसा बरोबर झाला की नाही हे घरच्या घरी तपासता येते. तुकडा बोटांत चुरडावा. तो सहज चुरगळला पाहिजे आणि मधोमध तपकिरी लाकूड दिसता कामा नये. मग हात साध्या पाण्याने धुवावेत. काळे पाण्याने निघून गेले तर कोळसा चांगला. साबण लागेल असा तेलकट थर राहिला तर आत डांबरासारखे पदार्थ उरले आहेत. तो ढीग पुढच्या खेपेला पुन्हा जाळात टाकावा. शंका असल्यास दोन कुंड्या घ्याव्यात: एकीत नुसती माती, दुसरीत नऊ वाट्या मातीला एक वाटी कोळसा. दोन्हींत मुगाचे वीस-वीस दाणे पेरावेत. कोळशाच्या कुंडीत उगवण कमी झाली तर तो वावरात नेऊ नये.

कोळसा शेणखतात मुरवणे

कोरा कोळसा थेट पिकाला देऊ नये. त्याच्या सूक्ष्म छिद्रांत जमिनीतले पाणी आणि अन्नद्रव्ये अडकतात आणि सुरुवातीचे काही आठवडे पीक पिवळे पडण्याचा धोका असतो. हाच कोळसा शेणखतात मुरला की त्याचे वागणे बदलते. २०१५ मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवले की कंपोस्टमध्ये मुरलेला बायोचार नायट्रेट धरून ठेवतो आणि पिकाला पुरवतो. २०१७ मधल्या आणखी एका अभ्यासात असे दिसले की कंपोस्ट होताना कोळशाच्या छिद्रांच्या भिंतींवर सेंद्रिय पदार्थांचा एक अतिशय पातळ लेप चढतो आणि अन्नद्रव्ये धरण्याचे काम मुख्यतः तो लेप करतो. आपल्याला एवढेच लक्षात ठेवायचे आहे: कोळसा हे भांडे आहे, ते भरून द्यावे.

कोळसा ओला असतानाच पोत्यात घालून धुम्मसाने (माती ठोकण्याच्या जड ठोकण्याने) ठोकावा, म्हणजे धूळ उडत नाही आणि तुकडे ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्याएवढे होतात. तोंडावर दुपट्टा बांधावा. चार टोपली शेणाला एक टोपले कोळसा, असे थर सावलीत रचून वर कुटाराचा आणि मातीचा पातळ थर द्यावा. मार्च ते मे असे तीन महिने हा ढीग मुरू द्यावा आणि दर तीन आठवड्यांनी वरखाली करावा. ओल किती हवी, तर मूठ दाबली असता गोळा व्हावा पण बोटांतून पाणी गळू नये. विदर्भाच्या एप्रिल-मे महिन्यांत ढीग फार लवकर कोरडा पडतो. आठवड्यातून दोनदा पाणी शिंपडावेच लागते, नाहीतर आत काहीही मुरत नाही.

कोणत्या जमिनीत टाकावे

२०१७ मध्ये जगभरातल्या प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात उष्ण कटिबंधात बायोचारमुळे उत्पादन सरासरी २५ टक्के वाढल्याचे, तर समशीतोष्ण भागात सरासरी काहीच वाढ न झाल्याचे आढळले. हा २५ चा आकडा ऐकून कोणी हुरळून जाऊ नये. उष्ण कटिबंधातल्या त्या प्रयोगांच्या जमिनी बहुतांशी आम्ल आणि निकस होत्या आणि अल्कधर्मी बायोचारने त्यांचा आम्लपणा कमी केला, हे वाढीचे एक मोठे कारण होते. आपली काळी जमीन मुळातच चुनखडीयुक्त, सामू (पीएच) ७.५ ते ८.५ असलेली आणि पाणी व अन्नद्रव्ये धरून ठेवणाऱ्या चिकणमातीची आहे. भारी कन्हार जमिनीत बायोचारने कपाशी दुप्पट होईल असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

मग तो कोठे द्यावा? माझ्या मते पहिला हक्क उतारावरच्या बरड, मुरमाड तुकड्यांचा आहे, जेथे आठ दिवस पावसाने ताण दिला की पीक माना टाकते आणि दिलेले खत पहिल्याच मोठ्या पावसात खाली निघून जाते. दुसरा हक्क परसबागेचा. माती परीक्षणात सामू ८.५ च्या वर असेल, किंवा वावर पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात असेल, तर बायोचार देऊ नये. विशेषतः राखमिश्रित कोळसा तेथे नुकसानच करील. संत्र्याच्या बागेतही सावध राहावे, कारण चुनखडीच्या जमिनीत लोहाच्या कमतरतेने पाने आधीच पिवळी पडत असतात आणि सामू आणखी वाढणे त्या झाडांना परवडणारे नाही.

मात्रा कमी आणि मुळाशी नेमकी असावी. नेपाळमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गोमूत्रात भिजवलेला बायोचार हेक्टरी फक्त पाऊण टन, तोही भोपळ्याच्या मुळांजवळ दिला होता. तेथे नुसत्या गोमूत्राच्या तुलनेत चौपट उत्पादन मिळाले. तो एका पिकाचा आणि एका ठिकाणचा आकडा आहे, परंतु रीत घेण्यासारखी आहे: वावरभर फेकू नये, टोबणीच्या (हाताने बी टोचून लावण्याच्या) जागी एक-दोन ओंजळी मुरलेले मिश्रण देऊन वर माती ओढावी आणि मग बी टोबावे.

पहिल्या वर्षी अर्ध्या एकरापेक्षा जास्त क्षेत्रात देऊ नये आणि त्यातही तुलना करण्याची सोय ठेवावी. चार-चार तासांचे (पिकाच्या ओळींचे) सहा पट्टे पाडावेत. एकाआड एक पट्ट्याला बायोचार मुरवलेले शेणखत द्यावे आणि उरलेल्या पट्ट्यांना तेवढेच पण कोळशाविना शेणखत द्यावे, नाहीतर वाढ खताची की कोळशाची हे कळणार नाही. बियाणे, रासायनिक खत, डवरणी (कोळपणी) आणि फवारणी सगळीकडे सारखी ठेवावी. पट्ट्यांच्या टोकांना रंगवलेल्या खुंट्या ठोकाव्यात. वेचणीच्या वेळी प्रत्येक पट्ट्यातले फक्त मधले दोन तास वेगळे वेचावेत, कारण कडेच्या तासांची मुळे शेजारच्या पट्ट्यात गेलेली असतात. प्रत्येक पट्ट्याचा कापूस वेगळ्या पोत्यात भरून, काट्यावर वजन करून तारखेसह वहीत लिहावा. खुंट्या उपटू नयेत. दुसऱ्या वर्षी त्याच तासांत नवा कोळसा न देता पेरणी करून पुन्हा वजन घ्यावे.