अतिसंवेदनशीलतेचे प्रकार ओळखताना होणाऱ्या या चुका टाळा

सर्पदंश झालेल्या शेतकऱ्याला शिरेतून प्रतिविष सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांत अंगभर गांधी उठतात, दम लागतो आणि रक्तदाब घसरतो. ॲड्रेनॅलिन दिल्यावर तो सावरतो, विष उतरते आणि चार दिवसांनी तो घरी जातो. पुढे आठव्या-नवव्या दिवशी तोच रुग्ण ताप, सुजलेले सांधे आणि नव्याने उठलेले पुरळ घेऊन परत येतो, तेव्हा ‘आधीच्याच ॲलर्जीचा उरलेला भाग’ अशी नोंद होते आणि लघवी व मूत्रपिंडाचे काम तपासायचे राहून जाते. वास्तविक एकाच औषधाने एकाच माणसाच्या शरीरात दोन वेगळ्या यंत्रणा चालवलेल्या असतात. पहिल्या वेळी कातडी व श्वासमार्गातील मास्ट पेशींनी हिस्टामिन या खाज-सूज आणणाऱ्या द्रव्याचा आपला साठा रिता केला होता. दुसऱ्या वेळी घोड्याच्या प्रथिनांविरुद्ध आठवडाभरात तयार झालेले प्रतिपिंड त्या प्रथिनांना चिकटले आणि त्यांची संकुले रक्तवाहिन्यांच्या भिंतींत व सांध्यांत अडकली. खाज कमी करणारी गोळी अशा काही रुग्णांना पुरते, पण ती पुरली नाही तर काही दिवस प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड द्यावे लागते, आणि हे लक्षात येण्यासाठी आधी प्रकार ओळखावा लागतो.

या दुसऱ्या आजाराचे सविस्तर वर्णन क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक यांनी १९०५ साली केले. घटसर्पावरील उपचार म्हणून घोड्याचे रक्तद्रव टोचलेल्या मुलांकडे पाहताना त्यांचे लक्ष सर्वांत जास्त वेधले ते टोचणे आणि आजार यांमधील दिवसांच्या अंतराने. ‘ॲलर्जी’ हा शब्द पिर्के यांनी त्यानंतर वर्षभराने, १९०६ मध्ये घडवला. म्हणजे या विषयाच्या उगमाशीच कालावधीचा हिशेब आहे, आणि माझ्या अनुभवात विद्यार्थी सर्वांत आधी विसरतात तोही हाच हिशेब.

पदार्थाच्या नावावरून प्रकार ठरवणे

‘पेनिसिलिन म्हणजे पहिला प्रकार’ हे वाक्य मी दरवर्षी उत्तरपत्रिकांत वाचतो. फिलिप गेल आणि रॉबिन कूम्ब्स यांनी १९६३ साली मांडलेली अतिसंवेदनशीलतेच्या, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्याच कामामुळे शरीराला होणाऱ्या इजेच्या, चार प्रकारांची विभागणी पदार्थांची नाही, इजा कशी होते याची आहे, आणि हे पटवून घ्यायला पेनिसिलिनइतके चांगले उदाहरण दुसरे नाही, कारण ते चारही प्रकार घडवू शकते. पेनिसिलिनचा रेणू स्वतः फार लहान असतो. तो शरीरातील प्रथिनांना जोडला गेला की मगच रोगप्रतिकारशक्तीला परका वाटू लागतो. त्याच्याविरुद्ध आयजीई प्रतिपिंड तयार होऊन ते मास्ट पेशींवर बसले असतील, तर पुढच्या मात्रेने शेजारशेजारचे आयजीई एकमेकांना जोडले जातात आणि काही मिनिटांत ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे अंगभर पसरणारी जीवघेणी प्रतिक्रिया, होतो. हा पहिला प्रकार. तोच रेणू लाल पेशींच्या आवरणाला चिकटला आणि त्यावर आयजीजी या दुसऱ्या जातीचे प्रतिपिंड बसले, तर त्या पेशी प्लीहेत नष्ट होऊन रक्तक्षय होतो. हा दुसरा प्रकार. आठवड्या-दीड आठवड्याने संकुलांमुळे होणारा ताप व सांधेदुखी हा तिसरा, आणि काही दिवसांनी टी पेशींमुळे, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या एका जातीमुळे, अंगावर येणारे गोवरासारखे पुरळ हा चौथा. म्हणून ‘पेनिसिलिनची ॲलर्जी कोणत्या प्रकारची’ या प्रश्नाला ‘किती वेळाने काय झाले’ हे विचारल्याशिवाय उत्तरच नाही.

याच्याच जोडीला ‘हे औषध त्याने पूर्वी घेतले होते तेव्हा काही झाले नाही, म्हणून ही ॲलर्जी नव्हे’ असा तर्क येतो. तो नेमका उलटा आहे. आयजीईच्या प्रतिक्रियेला आधीची एखादी निर्धोक भेट लागतेच. त्या भेटीतच प्रतिपिंड तयार होतात. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी १९०२ साली कुत्र्यांना समुद्रफुलाचे विष टोचले. काही आठवड्यांनी पुन्हा टोचलेल्या अगदी थोड्या मात्रेनेच कुत्रा दगावला, आणि त्यातूनच ‘ॲनाफिलॅक्सिस’ हा शब्द जन्माला आला. या कामासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रतिविषाआधी त्वचेची चाचणी

हाफकिनसारख्या मुंबईतील संस्थेत पिढ्यानपिढ्या तयार होत आलेले बहुसंयुजी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते आणि ते घोड्यांच्या रक्तद्रवापासून बनवले जाते. ते देण्याआधी कातडीत थोडेसे टोचून पाहण्याची सवय अजूनही सर्वत्र सुटलेली नाही. ही चाचणी करू नये, कारण ती जे शोधते ते बहुतेक वेळा घडणार नसतेच. प्रतिविषाच्या पहिल्या दोन-तीन तासांतील बहुतेक प्रतिक्रियांत आधीपासूनचे आयजीई कामाला लागलेले नसते. रक्तातील पूरक प्रथिनांची (प्रतिपिंडांच्या जोडीने काम करणाऱ्या प्रथिनांची) साखळी व इतर मार्ग मास्ट पेशींना थेट उद्दीपित करतात. त्यामुळे चाचणी निर्दोष आलेल्या रुग्णालाही तीव्र त्रास होऊ शकतो, आणि चाचणीत लाली आलेल्याला काहीच न होणेही शक्य असते. मधला वेळ मात्र विषाच्या पारड्यात जातो. प्रत्येक रुग्णाला प्रतिक्रिया येईल असे धरून ॲड्रेनॅलिन भरून हाताशी ठेवणे हा यावरचा खरा उपाय होय. श्रीलंकेतील २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत प्रतिविषापूर्वी दिलेल्या ॲड्रेनॅलिनच्या लहान मात्रेने तीव्र प्रतिक्रिया कमी झाल्या. हायड्रोकॉर्टिसोन (स्टिरॉइड) आणि प्रोमेथाझिन (अँटिहिस्टामिन) यांनी तसा लाभ दिला नाही.

व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक शिरेतून भराभर सोडल्यावर मान-चेहरा लाल होतो, तेव्हाही हीच गफलत होते. तेथेही मास्ट पेशी आयजीईशिवायच उद्दीपित होतात, आणि अशा रुग्णाला बहुतेक वेळा औषध बंद करण्याऐवजी सलाईनचा वेग कमी करणे पुरते. दूध प्यायल्यावर फक्त पोट फुगत असेल, तर तो साखर पचवणाऱ्या विकराचा प्रश्न आहे, रोगप्रतिकारशक्तीचा नाही.

‘दोन्हींत आयजीजी, मग फरक काय?’

दुसरा आणि तिसरा प्रकार यांची गल्लत होते, कारण दोन्हींत आयजीजी, आयजीएम आणि पूरक प्रथिने असतात. येथे प्रतिपिंड पाहून उत्तर मिळत नाही; प्रतिजन, म्हणजे प्रतिपिंड ज्याला चिकटतात तो पदार्थ, कुठे आहे ते पाहावे लागते. दुसऱ्या प्रकारात प्रतिजन पेशीच्या आवरणावर किंवा ऊतीच्या पटलावर जागच्या जागी बसलेला असतो आणि प्रतिपिंड त्याच्यापर्यंत जातात. तिसऱ्यात प्रतिजन रक्तात विरघळलेला असतो, संकुल आधी तयार होते आणि मग रक्ताचा दाब व गाळणी जेथे जास्त तेथे, म्हणजे मूत्रपिंड, सांधे व लहान रक्तवाहिन्या येथे, ते अडकते. मूत्रपिंडाच्या तुकड्यावर हा फरक डोळ्यांना दिसतो. गुडपाश्चर रोगात प्रतिपिंड मूत्रपिंडातील गाळणीच्या पटलाला सलग चिकटल्याने प्रतिदीप्तीची अखंड रेघ दिसते, तर घशातील स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गानंतर होणाऱ्या मूत्रपिंडदाहात ठिपकेदार, रवाळ चित्र दिसते आणि रक्तातील सी३ हे पूरक प्रथिन उतरलेले असते. दुसऱ्या प्रकारात पेशी मरायलाच हव्यात असेही नाही. ग्रेव्ह्ज रोगात प्रतिपिंड थायरॉइडच्या पेशीवरील कळ दाबून धरतो आणि ग्रंथी जास्त काम करू लागते. काही पुस्तके याला वेगळा पाचवा प्रकार म्हणतात. उत्तर लिहिताना यंत्रणा लिहिली की क्रमांकाचा वाद उरत नाही.

दुसऱ्या प्रकारातील सर्वांत घातक चूक रक्तपेढीत होते आणि तिचे एक उदाहरण मुंबईशी कायमचे जोडले गेले आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या रक्तगटाचे वर्णन केले, तो आज जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. ए आणि बी हे दोन्ही प्रतिजन ज्या पायावर उभे राहतात तो एच प्रतिजनच या व्यक्तींच्या लाल पेशींवर नसतो. साहजिकच त्यांच्या पेशी ए किंवा बीविरुद्धच्या तपासणी-द्रवाने गुठळत नाहीत आणि गट ‘ओ’ असा नोंदला जातो. पण त्यांच्या रक्तद्रवात एचविरुद्धचे आयजीएम रक्त न चढवताही आपोआप तयार झालेले असते आणि ते शरीराच्या तापमानालाही जोमदार असते. ओ गटाच्या पेशींवर तर एच भरपूर असतो. त्यामुळे सर्वांना चालते असे समजले जाणारे ओ रक्तच या रुग्णाला चढवले, की पूरक प्रथिने रक्तवाहिनीतच लाल पेशी फोडतात, लघवी लाल होते आणि मूत्रपिंडे बंद पडू शकतात. भारतात अशा व्यक्ती साधारण दहा हजारांत एक असतात. केवळ पेशींवरून गट न ठरवता रुग्णाचे रक्तद्रव ओ पेशींशीही तपासणे आणि घाई कितीही असली तरी क्रॉसमॅच (दात्याचे व रुग्णाचे रक्त एकत्र करून पाहणे) न टाळणे, एवढ्याने ही चूक पकडली जाते.

चुकीची चाचणी, चुकीच्या वेळी

बिब्बा उतला की खेड्यातला माणूस डॉक्टरकडे येतो आणि शहरातला डॉक्टर त्याला कधी कधी रक्तातील आयजीई तपासायला पाठवतो. बिब्ब्याच्या तेलातील भिलावनॉल कातडीच्या प्रथिनांना चिकटते, कातडीतील लँगरहान्स पेशी ते लसिकाग्रंथीत नेऊन टी पेशींना दाखवतात, आणि पुढच्या स्पर्शानंतर एक ते तीन दिवसांत त्या टी पेशी खाज, सूज व पाण्याचे फोड घडवतात. येथे प्रतिपिंडाचे काहीच काम नाही, त्यामुळे आयजीई कितीही मोजले तरी उत्तर मिळणार नाही. पहिल्याच लेपाने काही तासांत कातडी भाजल्यासारखी झाली असेल, तर तो बिब्ब्याचा थेट दाहक परिणामही असू शकतो. स्पर्शजन्य त्वचादाह म्हणण्यापूर्वी हा भेद करावा. एकेकाळी परीट कपड्यांवर खुणा करायला बिब्ब्याचाच रस वापरत, आणि सदऱ्याच्या कॉलरमागे नेमका तेवढाच चट्टा घेऊन लोक येत.

गाजर गवत हे आणखी शिकवणारे उदाहरण आहे. पुण्याच्या परिसरात १९५० च्या दशकात नोंदले गेलेले हे तण आता देशभर पसरले आहे. त्याचे परागकण नाकात गेल्यावर काही मिनिटांत शिंका व दमा सुरू होतो तो आयजीईमुळे; त्यातील पार्थेनिन कातडीला लागून चेहरा, मान, कोपराचा आतला भाग जाड व खाजरा होतो तो टी पेशींमुळे. पहिल्यासाठी टोचणी चाचणी करून १५ ते २० मिनिटांत वाचायची असते, दुसऱ्यासाठी संशयित द्रव्याची पट्टी पाठीवर लावून ४८ तासांनी व पुन्हा त्यानंतर एक-दोन दिवसांनी. ज्या रुग्णाला दोन्ही तक्रारी आहेत त्याच्या दोन्ही चाचण्या कराव्या लागतात.

क्षयरोगासाठी कातडीत टोचून केली जाणारी माँटू चाचणी हाही चौथ्याच प्रकाराचा वापर आहे. ती दुसऱ्या दिवशी सकाळी घाईने वाचू नये. ४८ ते ७२ तासांनी वाचावी, आणि लाली न मोजता बोटाला लागणारा घट्टपणा मिलिमीटरमध्ये मोजावा, कारण टी पेशी व त्यांनी बोलावलेल्या मॅक्रोफेज पेशी साचल्याचा पुरावा तोच आहे. कुपोषण, गोवर किंवा एचआयव्ही असताना ती खोटी नकारात्मक येऊ शकते. चौथ्या प्रकारची स्पर्शजन्य संवेदनशीलता रक्तद्रवाने एका गिनीपिगमधून दुसऱ्यात नेता येत नाही, पांढऱ्या पेशींनी नेता येते, हे लँडस्टायनर आणि चेस यांनी १९४२ मध्ये दाखवले.

आकड्यांचा घोळ

कुष्ठरोगातील ‘टाइप १’ प्रतिक्रिया चौथ्या प्रकारच्या अतिसंवेदनशीलतेने होते आणि ‘टाइप २’, म्हणजे दुखऱ्या गाठी व तापाची प्रतिक्रिया, पारंपरिकपणे तिसऱ्या प्रकारात धरली जाते. ‘टाइप १’ मधुमेहात स्वादुपिंडातील बीटा पेशी मुख्यतः टी पेशी मारतात. अतिसंवेदनशीलता, कुष्ठरोग आणि मधुमेह यांचे क्रमांक वेगवेगळ्या वर्गीकरणांतले आहेत.

‘अंगावर पित्त उठले’

मराठी घरात गांधींना पित्त म्हणतात आणि त्यामुळे त्यांचा संबंध पोटातील आम्लाशी लावला जातो. आमसुलाचे पाणी लावल्याने कातडीला थंडावा मिळतो, नुसत्या गांधी असतील तर त्यात काही बिघडत नाही. पण गांधींसोबत आवाज बसणे, दम लागणे, वारंवार उलटी होणे किंवा चक्कर येणे असेल, तर तो ॲनाफिलॅक्सिस आहे आणि तेव्हा आमसूल, ॲसिडिटीची गोळी किंवा एविलसारखे अँटिहिस्टामिन यांत गेलेले प्रत्येक मिनिट महाग पडते. अँटिहिस्टामिन फक्त हिस्टामिनचा एक दरवाजा बंद करते; मास्ट पेशींतून सुटणारी ल्युकोट्रायीन व इतर द्रव्ये आपले काम चालूच ठेवतात, श्वासनलिका आवळलेली राहते. स्टिरॉइडचा परिणाम दिसायला तास लागतात. ॲड्रेनॅलिन रक्तवाहिन्या आवळते, श्वासनलिका सैल करते आणि मास्ट पेशींचा स्रावही आवरते, म्हणून ते पहिले औषध. मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या मध्यावर बाहेरच्या बाजूला, स्नायूत. कातडीखाली दिल्यास शोषण मंदावते. पाच मिनिटांत सुधारणा नसेल तर पुन्हा द्यावे. रुग्णाला आडवे ठेवावे, दम फार लागत असेल तर बसते करावे, मात्र एकदम उभे करू नये किंवा चालवू नये. काही रुग्णांत कातडीवर काहीच दिसत नाही, म्हणून गांधी नाहीत या कारणाने निदान नाकारू नये. आणि काही तासांनी त्रास पुन्हा उसळू शकतो, म्हणून बरे वाटताच घरी सोडू नये.

यानंतर कागदावर जी नोंद होते तीही विचारपूर्वक व्हावी. ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ एवढ्या दोन शब्दांमुळे रुग्णाला आयुष्यभर कमी योग्य आणि अनेकदा महाग प्रतिजैविके मिळतात, आणि असा शिक्का असलेल्यांची रीतसर चाचणी केली तर सुमारे दहांपैकी नऊ जणांना पेनिसिलिन निर्धोक चालते. म्हणून औषधाचे नाव, तारीख, कितव्या मात्रेनंतर, किती मिनिटांनी किंवा दिवसांनी काय दिसले, पुरळ कसे होते, फोड किंवा तोंडात जखमा होत्या का, आणि कोणत्या उपचाराने उतार पडला, हे सारे लिहावे. कातडी सुटलेली किंवा तोंड, डोळे यांना जखमा झालेल्या असतील, तर त्या रुग्णाला ते औषध चाचणी म्हणूनही पुन्हा देऊ नये, आणि ही सूचना त्याच कागदावर वेगळ्या ओळीत लिहावी.