माजी विद्यार्थ्यांना आजच्या शाळेशी जोडताना या चुका टाळा

दहावीच्या बहुतेक बॅचेसचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. त्यावर वाढदिवस साजरे होतात, जुन्या गॅदरिंगचे फोटो फिरतात, निवृत्त झालेल्या सरांची विचारपूस होते. पण याच मंडळींना विचारून बघा की आपल्या हायस्कूलमध्ये यंदा आठवीच्या तुकड्या किती, गणिताला कोण आहे, मुलांनी कुठलं नाटक बसवलंय. ग्रुप शांत होतो. बॅचमधले लोक एकमेकांना धरून आहेत, शाळेचा धागा मात्र त्यांच्या दहावीच्या वर्षातच तुटलेला असतो. गोव्यात फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरी, कुठेही जा, शाळेबद्दल माया नाही असा माणूस क्वचितच भेटतो. अडतं ते आपल्या आखणीत.

मेळावा शाळा बंद असताना ठेवणं

ही सगळ्यांत मोठी चूक, आणि ती चांगल्या हेतूनेच होते. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मुंबई-पुण्याची, आखातातली, बोटीवरची माणसं घरी येतात, म्हणून मेळावाही त्याच सुट्टीत. मग वर्गांना कुलपं, मुलं नाहीत, शिक्षक आपापल्या गावी. जमलेले लोक आपल्या जुन्या बाकांवर बसतात, फोटो काढतात, जेवतात आणि जातात. आजची शाळा त्यांना दिसतच नाही.

त्याऐवजी सुट्टी लागण्याआधीचे दोन-तीन दिवस गाठा. बऱ्याच शाळांत तेव्हा माटोळी (गणपतीच्या वर टांगायची रानफळांची आरास) सजावट, घुमट या मातीच्या वाद्यावरची आरती, फुगडी यांची तयारी किंवा स्पर्धा चालू असते. माटोळीतलं प्रत्येक रानफळ नावानिशी ओळखणारे आणि घुमटावर हात बसलेले माजी विद्यार्थी गावातच असतात. त्यांना परीक्षक म्हणून नको, शिकवायला बोलवा. आठवीतल्या मुलाला घुमट कसं धरायचं हे दाखवताना जी ओळख होते, ती व्यासपीठावरच्या सत्काराने होणार नाही. सुट्टीआधीच घरी पोचलेले बाहेरगावचे लोकही मग आपोआप शाळेत डोकावतात. नवरात्रातला शारदोत्सवही असाच चांगला दिवस. त्या दिवशी गाव शाळेत येतोच, वेगळं आमंत्रण छापावं लागत नाही.

तारीख ठरवण्याआधी शाळेचं चालू वर्षाचं वेळापत्रक मागून घ्या. शाळा जूनमध्ये पावसाबरोबर सुरू होते, हे जुन्या बॅचेसच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. पण २०२५ मध्ये गोव्यात सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू झाले. एप्रिलमध्ये गावी येणाऱ्यांना त्यामुळे मुलं वर्गात भेटू शकतात. मुख्याध्यापकांना विचारून एखादा तास त्यांच्यासाठी ठेवा.

पहिलाच निरोप वर्गणीचा

वर्षभर शाळेकडून एक ओळ नाही आणि मग अचानक छपराच्या खर्चाचं पत्र. असं दोनदा झालं की लोक शाळेचा नंबर दिसताच फोन बाजूला ठेवतात. मागण्याआधी निदान एक शैक्षणिक वर्ष फक्त सांगा: कोणत्या वाडीवरून बालरथ (शाळेची बस) येतो, ग्रंथालयात काय नवीन आलं, खो-खोची मुलं कुठवर पोचली.

पैशांत गोव्यातल्या माजी विद्यार्थी संघांना हमखास नडणारी आणखी एक गोष्ट आहे. आपल्याकडच्या अनेकांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं आहे. अशा माजी विद्यार्थ्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी त्याची देणगी कायद्याने विदेशी ठरते, आणि एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही. ती नातेवाइकाच्या खात्यातून वळवून घेण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, अडचणीत शाळा येते. भारतीय पासपोर्टवर दुबईत किंवा बोटीवर नोकरी करणाऱ्याने स्वतःच्या कमाईतून रीतसर बँकेमार्फत दिलेले पैसे यात मोडत नाहीत. ज्यांचे पैसे घेता येत नाहीत त्यांच्याकडे वेळ मागा. इंग्लंडमधून व्हिडिओ कॉलवर दहावीच्या मुलांशी तासभर बोलणं हेही मोठं देणं आहे.

निरोप पोचला असं समजून चालणं

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्यांना निरोप जातच नाही. निम्मी माणसं यातच गळतात आणि आपल्याला वाटतं, त्यांना रस नाही. फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा ग्रुप करा, त्यात १०२४ जण मावतात. ॲडमिन एकच ठेवू नका. त्यातला एक तरी आज शाळेत शिकवणारा असू द्या.

यादी करताना मुली सुटतात, याचं मला फार वाईट वाटतं. आपल्याकडे कित्येक घरांत लग्नानंतर आडनावाबरोबर नावही बदलायचे. शाळेच्या रजिस्टरात माहेरचं नाव, फोनमध्ये सासरचं. यादीत दोन्ही नावांचे रकाने ठेवा आणि प्रत्येक बॅचमधल्या एका बाईकडेच हे काम सोपवा. मैत्रिणी कुठे आहेत हे तिला ठाऊक असतं.

फक्त मोठ्या हुद्द्यांची बोलावणी

डॉक्टर, अधिकारी, उद्योजक यांना बोलवावंच. पण नववीत शाळा सोडून गॅरेज टाकलेला, भजनी मंडळ चालवणारा, रोज शाळेवरून जाणारा माणूसही माजी विद्यार्थीच आहे. आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी तोच येऊ शकतो. दहावी पास असल्याची अट संघाच्या नियमावलीत असेल तर ती काढा.

मुलांचे फोटो न विचारता टाकणं

पालकांची लेखी संमती वर्षाच्या सुरुवातीलाच घ्या. फोटोखाली मुलाचं पूर्ण नाव, पत्ता नको. मार्कांची यादी तर मुळीच नको.

ग्रुप आधीच थंड पडला असेल तर

नवा ग्रुप काढू नका, लोक कंटाळलेले असतात. आहे त्यावरच दर शनिवारी शाळेतली एक गोष्ट टाका. एक फोटो, दोन ओळी, कोण काय करतंय एवढंच. मजकूर नववीच्या मुलांनी लिहिला तर उत्तम, त्यांच्या चुका दुरुस्त करत बसू नका. सुरुवातीला उत्तरं येणार नाहीत, तरी थांबू नका. जे चार-पाच जण प्रश्न विचारतील त्यांची नावं टिपा आणि चवथीच्या दोन आठवडे आधी त्यांना फोन करून विचारा, घरी कधी पोचताय आणि शाळेत कुठल्या दिवशी येताय.