जुनं गोंयकार घर बघताय? मग या चुका टाळा

दर डिसेंबरात पुण्याचे पाहुणे येतात आणि गाडीतून उतरायच्या आधीच सुरू होतात, "वा, काय पोर्तुगीज घर आहे!" घर बांधलं आमच्या पणजोबांनी, मध्ये राजांगण म्हणजे आतलं उघडं अंगण, राजांगणात तुळस, पण समोर बलकांव, म्हणजे बसायच्या जागा असलेला ओटा, दिसला की शिक्का बसलाच. गवंडी-सुतार इथले, चिरे म्हणजे जांभा दगड इथलाच, खिडकीत काचेच्या जागी लावलेले शिंपले पण इथल्याच खाडीतले. आणि कौलं मंगळुरी, ती स्वित्झर्लंडच्या बासल मिशनने 1865 ला मंगळुरात कारखाना काढला तेव्हापासूनची, म्हणजे त्या हिशोबाने आमचं घर स्विस म्हणायला पायजे!

देवळांचं उलटं. मंगेशीला गेले की "घुमट बघ, चर्चसारखं वाटतं ना" आणि मग तांबडी सुर्ल्याचं कदंबांचं देऊळ तेवढं खरं. अरे ते काळ्या दगडातलं, कितीतरी शतकं आधीचं, मंगेशीचा देव 1560 ला पोर्तुगीजांपासून वाचवायला कुठ्ठाळीहून हलवून प्रियोळला आणला, नंतर जे देऊळ उभं राहिलं ते त्या काळातल्या कारागिरांचं. तुलना कसली करता.

तिसरी चूक मी पण केलीय. ओल्ड गोव्याचं बॉम जेझू बघून "काय रॉ लूक आहे" म्हणायचो. 1605 ला पूर्ण झालेलं हे चर्च मुळात असं लालभडक उघडं नव्हतंच, अंगावर चुन्याचा गिलावा होता, तो 1950 च्या दशकात काढला. चिरा सच्छिद्र, पाणी पितो, आणि गोव्याचा पाऊस म्हणजे चार महिने धो धो, त्यामुळे दगड झिजतोय आणि गिलावा परत लावायचा का यावर अजून वाद चालतात.

आमच्या घरात नेमकी उलटी चूक झाली. काकाने चुना खरवडून सिमेंट मारलं, वर प्लास्टिक पेंट, म्हणे आता वीस वर्षं बघायला नको. दुसऱ्याच पावसाळ्यात भिंतीला फुगे आले, बोटाने दाबलं की पापुद्रा निघायचा आणि मागे पांढरे क्षार. चिऱ्यात ओल शिरतेच, चुन्यातून ती बाहेर पडते, सिमेंटमागे अडकून बसते. तुमच्याकडे असं झालं तर वरून परत रंग मारू नका प्लीज, आधी पाणी येतं कुठून ते बघा, फुटलेलं कौल की तुंबलेली पन्हळ की जमिनीतून चढतंय. ते थांबवा, सिमेंट काढा, भिंत उन्हाळाभर सुकू द्या आणि मगच चुन्याचा गिलावा, चुन्याचाच रंग. वेळ लागतो, चुन्याचं काम येणारा गवंडी शोधायलाच आम्हाला तीन महिने गेले.

एक कोपरा करायचा राहिलाय अजून, पापुद्रे निघालेला. पाहुणे तिथेच उभे राहून फोटो काढतात.