‘फाईल’चे मराठी करताना या चुका टाळा

एका यंत्राच्या माहितीपुस्तिकेचे मराठी भाषांतर तपासत असताना माझ्यासमोर वाक्य आले: ‘कापलेल्या पत्र्याची कडा फाईलने घासून काढावी.’ दोन पानांनंतर ‘फाईल कोरड्या जागी ठेवावी’ अशी सूचनाही होती. ती वाचून एखाद्याने कागदपत्रांचे बाड कपाटात ठेवले असते, तर त्याला बोल लावता आला नसता. मूळ लेखकाला कानस, म्हणजे धातू घासायचे दातेरी हत्यार, अभिप्रेत होती.

या घोटाळ्याचे मूळ असे, की आपण ‘फाईल’ हा एकच शब्द समजतो. प्रत्यक्षात इंग्रजीत एकाच स्पेलिंगखाली निदान दोन स्वतंत्र शब्द नांदतात. कागदांची फाईल लॅटिन ‘फीलुम’ म्हणजे दोरा या शब्दापासून फ्रेंचमार्गे आली, कारण कागद कप्प्यांत आणि पुठ्ठ्यांत जाण्यापूर्वी ते दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवले जात. किराणा दुकानात गल्ल्याच्या बाजूला टांगलेली, टोकाशी वाकवलेली तार आणि तिच्यात टोचलेल्या पावत्या (सर्वांत जुनी तळाशी, आजची वर) ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांनी फाईलचे मूळ रूपच पाहिले आहे. सरकारी कार्यालयात नस्तीतले कागद भोके पाडून टॅगने बांधतात, तिथेही दोरा टिकून आहेच. कानस या अर्थाची फाईल मात्र जर्मानिक कुळातली. जुन्या इंग्रजीतच ती होती आणि जर्मनमध्ये तिला आजही ‘फायले’ म्हणतात. उच्चार झिजत झिजत दोघींचे रूप सारखे झाले, एवढाच त्यांचा संबंध. चांगल्या शब्दकोशात त्यांच्या नोंदी वेगळ्या असतात आणि शब्दाच्या खांद्यावर १, २ असे बारीक आकडे असतात. घाईत आपण पहिली नोंद वाचून कोश मिटतो.

कानशीच्या बाबतीत आणखी एक खड्डा आहे. आयटीआयमध्ये फिटरचे काम शिकणाऱ्या मुलांना रफ, बास्टर्ड, सेकंड कट, स्मूथ आणि डेड स्मूथ हे दात्यांच्या भरडपणाचे प्रकार तोंडपाठ असतात. त्यातली ‘बास्टर्ड फाईल’ म्हणजे रफपेक्षा बारीक आणि सेकंड कटपेक्षा भरड दात्यांची कानस. कोश उघडून त्या विशेषणाचे मराठी करू पाहणाऱ्याचे काय होईल, हे सांगायला नको. कारागिरांच्या तोंडी जे नाव रुळले आहे तेच देवनागरीत ठेवावे.

उलट दिशेची चूकही तितकीच आढळते: अर्थ दूरचे दिसले की मूळही वेगळे असणार, असे गृहीत धरले जाते. ‘सिंगल फाईल’ म्हणजे एकामागे एक अशी रांग. हा अर्थ त्याच दोऱ्यातून, फ्रेंचमधील ‘ओळ’ या अर्थाच्या शब्दातून आला. सैन्यात खांद्याला खांदा लावून उभी असलेली आडवी ओळ ती रँक आणि पाठीमागे गेलेली ती फाईल. बुद्धिबळाच्या पटावर आठ आडव्या रँक आणि आठ उभ्या फायली आहेत, त्याही याच न्यायाने. अधिकारी सोडून ओळीत उभे राहणारे साधे शिपाई म्हणजे ‘रँक अँड फाईल’; राजकीय बातमीत त्याचे मराठी ‘सामान्य कार्यकर्ते’ असे होते. तिथे ‘पदे आणि फायली’ असे छापलेले मी वाचले आहे.

सर्वांत जास्त चुका क्रियापदात होतात. इंग्रजी एकाच ‘फाईल’वर भागवते, मराठीत मात्र प्रत्येक व्यवहाराचे क्रियापद ठरलेले आहे. याचिका दाखल करतात, प्राप्तिकराचे विवरणपत्र भरतात, तक्रार नोंदवतात, वार्ताहर बातमी पाठवतो, आणि कारकून आलेले पत्र फायलीला लावतो. ‘त्याने बातमी दाखल केली’ हे वाक्य कानाला खटकते, ते यामुळेच. कागद मिळाला, पण त्यावर काहीच करायचे नाही, अशा वेळी आपल्याकडे ‘दप्तरी दाखल’ हा नेमका शब्दप्रयोग आहे. त्यातले ‘दप्तर’ फारसीतून आले, आणि त्याच्याही मागे चामडे या अर्थाचा एक ग्रीक शब्द आहे. ग्रीकांचे चामडे आणि रोमनांचा दोरा एकाच टेबलावर आले, असे म्हणायला हरकत नाही.

शेवटी नातलग ओळखण्यातली गफलत. ‘फिल्म’ आणि पुत्राशी निगडित असलेले ‘फिलिअल’ हे शब्द फाईलच्या गोत्रातले वाटतात, पण नाहीत. दिव्यातली फिलामेंट, कटकच्या तारकशीला, म्हणजे चांदीच्या तारांच्या नक्षीकामाला, इंग्रजीत म्हणतात ती फिलिग्री, हॉटेलातले माशाचे फिले आणि प्रोफाईल हे मात्र सारे ‘फीलुम’चे वंशज. हत्तीरोगाला कारणीभूत होणाऱ्या जंतांना फायलेरिया हे नाव पडले, तेही ते दोऱ्यासारखे बारीक असतात म्हणूनच. ‘डिफाईल’ हा शब्द तर दुहेरी फसवा आहे. ‘भ्रष्ट करणे, विटाळणे’ या अर्थाच्या डिफाईलचा दोऱ्याशी काही संबंध नाही. त्याच्या घडणीत ‘तुडवणे’ या अर्थाचा जुना फ्रेंच शब्द आणि ‘घाण करणे’ या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द एकत्र आले. नाम म्हणून येणारा डिफाईल मात्र अस्सल फायलीतला आहे: ज्या अरुंद वाटेत फौजेला आघाडी पसरता येत नाही, रांगेनेच पुढे सरकावे लागते, ती वाट. इंग्रजी लष्करी वर्णनात हा शब्द भेटला तर विटाळ शोधत बसू नये. १६६० साली बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवून धरली ती याच भौगोलिक सोयीवर, आणि त्या डिफाईलला मराठीत ‘खिंड’ असा दोन अक्षरी शब्द तयार आहे.