मॉनिटर बिघडला असं ठरवण्याआधी या चुका टाळा

अक्षरं पुसट दिसतात, रंग फिके वाटतात, डोळे दुखतात, मध्येच स्क्रीन काळी होते. मॉनिटरच्या तक्रारी फिरून फिरून याच असतात आणि त्यातल्या बऱ्याच तक्रारींत पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदा, धडधाकट असतं. दोष केबलमध्ये असतो, सेटिंगमध्ये असतो किंवा खरेदीच्या वेळी भलताच आकडा पाहिलेला असतो. चांगला मॉनिटर दहा वर्षंही साथ देऊ शकतो, त्यामुळे तो उगाच बदलला गेला की वाईट वाटतं.

फक्त इंच पाहून घेणं

२४ इंची फुल एचडी मॉनिटरवर एका इंचात साधारण ९२ पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, बसतात. तेच १९२०×१०८० पिक्सेल २७ इंचांवर पसरले की इंचाला ८२च उरतात. सिनेमा पाहताना हा फरक फारसा जाणवत नाही. दिवसभर मजकूर वाचणाऱ्याला मात्र लगेच जाणवतो, आणि देवनागरीत तर जास्तच: जोडाक्षरं चिकटल्यासारखी दिसतात, र्‍हस्व-दीर्घ वेलांट्या डोळे ताणून ओळखाव्या लागतात. २७ इंची घ्यायचा असेल तर २५६०×१४४० घ्या, म्हणजे इंचाला १०९ पिक्सेल मिळतात. त्याच आकारात फोर के (३८४०×२१६०) घेतला तर १६३.

फोर के घेणारे पुढे एक मोठी चूक करतात. अक्षरं बारीक दिसली की ते रिझोल्यूशनच, म्हणजे पिक्सेलची संख्याच, कमी करून टाकतात. एलसीडी पॅनेलवरचे पिक्सेल कायमचे ठरलेले असतात. त्यापेक्षा कमी रिझोल्यूशन दिलं की मॉनिटरला चित्र ताणावं लागतं आणि बहुतेक वेळा अक्षरांच्या कडा मऊ पडतात. रिझोल्यूशन मूळ आकड्यावरच ठेवा आणि विंडोजमधलं स्केलिंग १५० टक्के करा. अक्षरं मोठी होतील आणि धारदारही राहतील.

खोक्यावरच्या आकड्यांना भुलणं

लाखांतला ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ सरळ दुर्लक्षित करा. तो आकडा बॅकलाइट (पॅनेलमागचा दिवा) कमी-जास्त करून काढलेला असतो, एकाच दृश्यातला काळ्या-पांढऱ्याचा फरक तो सांगत नाही. आयपीएस आणि व्हीए हे एलसीडी पॅनेलचे दोन प्रकार. खरा कॉन्ट्रास्ट आयपीएसमध्ये साधारण १०००:१ असतो आणि व्हीएमध्ये ३०००:१च्या आसपास. एक मिलिसेकंद रिस्पॉन्स टाइमचंही (पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ) तसंच आहे. तो बहुधा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पिक्सेलचा बदल जलद करणारं मॉनिटरचं सेटिंग, शेवटच्या पायरीवर नेल्यावरच मिळतो आणि तिथे हलत्या वस्तूंमागे उजळ सावली दिसू लागते. मधली पायरी बरी.

लेखन, कोडिंग, ऑफिसचं काम यांसाठी माझा कौल आयपीएसला. कोनातून पाहिलं तरी रंग टिकतात. अंधाऱ्या खोलीत काळा रंग थोडा राखाडी वाटतो, तेवढं सोसावं लागतं. ओएलईडी पॅनेलमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो, त्यामुळे त्याचा काळा रंग अप्रतिम असतो, पण दिवसभर एकाच जागी स्थिर राहणारा टास्कबार त्यावर कायमचा छाप सोडू शकतो. ओएलईडी घेतलाच तर टास्कबार लपवा आणि काम संपल्यावर मेन स्विच लगेच बंद करू नका. पॅनेलची देखभाल करणारी प्रक्रिया मॉनिटर स्टँडबायमध्ये असतानाच चालते.

केबलला कमी लेखणं

१४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर घेऊन तो वर्षानुवर्षं ६० हर्ट्झवर वापरणारे कितीतरी लोक आहेत, कारण विंडोज अनेकदा ६०वरच सुरू होतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट एकदा स्वतः निवडा. हवा तो आकडा यादीत नसेल तर संशय केबलवर किंवा पोर्टवर घ्या. एचडीएमआय १.४ वरून फोर के चित्र जेमतेम ३० हर्ट्झने येतं आणि माउसचा बाण अडखळत चालल्यासारखा वाटतो. ६० हर्ट्झसाठी दोन्ही टोकांना किमान एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ हवं. दिसायला सारख्या असलेल्या सगळ्या यूएसबी-सी पोर्टमधून चित्र येतंच असंही नाही. लॅपटॉपची माहितीपुस्तिका आधी पाहा.

डेस्कटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच लावा. मदरबोर्डच्या पोर्टला लावली की ‘नो सिग्नल’ येतो किंवा कार्ड असूनही खेळ रडतखडत चालतात.

आता फिके रंग. एचडीएमआयवर संगणक कधीकधी मॉनिटरला टीव्ही समजतो आणि रंगांचा आवाका आकसून पाठवतो: काळा ० ऐवजी १६ पासून, पांढरा २५५ ऐवजी २३५ पर्यंत. मग काळा रंग धुरकट दिसतो. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या (ग्राफिक्स चालवणारं सॉफ्टवेअर) सेटिंगमध्ये ‘लिमिटेड’ काढून ‘फुल’ केलं की चित्र जिवंत होतं.

दोष कुणाचा, हे न तपासणं

सगळ्यात उपयोगी तपासणी एक पैसाही न खर्चता होते. मॉनिटरचं बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू उघडा. हा मेनू संगणकाकडून येत नाही, मॉनिटरच्या आतच तयार होतो. स्क्रीन लुकलुकते आहे, रेघा दिसताहेत, पण मेनू स्वच्छ आणि स्थिर आहे? मग आधी केबल, पोर्ट, ड्रायव्हर, रिफ्रेश रेट तपासा. मेनूवरूनही रेघा जात असतील तर दोष मॉनिटरचाच समजा.

विंडोजमध्ये लुकलुक असेल तर टास्क मॅनेजर उघडा. तोही लुकलुकत असेल तर बहुधा डिस्प्ले ड्रायव्हर कारण असतो. तो स्थिर आणि बाकी सगळं लुकलुकत असेल तर एखादं ॲप.

स्क्रीन पूर्ण काळी, पण पॉवरचा दिवा चालू? टॉर्च तिरका धरून पाहा. अंधुक चित्र दिसलं तर पॅनेल काम करतंय, बॅकलाइट किंवा त्याचा वीजपुरवठा गेला आहे. दुरुस्ती करणाऱ्याला हे नेमकं सांगता आलं तर त्याचाही वेळ वाचतो.

ब्राइटनेस आहे तसाच ठेवणं

नवे मॉनिटर बहुधा गरजेपेक्षा खूप उजळ असतात. स्क्रीनशेजारी पांढरा कागद धरा आणि स्क्रीनवरचं पांढरं पान कागदाइतकंच उजळ वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. ब्राइटनेस कमी केल्यावर डोळे उलट जास्तच दुखू लागले, तर काही मॉनिटर प्रकाश झपाट्याने चालू-बंद करून तो कमी करतात, हे कारण असू शकतं. खरेदी करताना ‘फ्लिकर-फ्री’ आहे का ते पाहा. खिडकी पाठीशी किंवा समोर नको, बाजूला हवी. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर हाताच्या लांबीएवढं.

काचेसारखं पुसणं

मॅट मॉनिटरचा पृष्ठभाग बहुधा काच नसतो, त्यावर प्लॅस्टिकचा नाजूक थर असतो. काच पुसायच्या फवाऱ्यातला अमोनिया, ॲसिटोन, कडक साबण यांनी तो कायमचा डागाळतो. टिश्यू पेपरही नको, त्याने बारीक ओरखडे पडतात. मॉनिटर बंद करून थंड होऊ द्या. आधी कोरड्या मायक्रोफायबर कापडाने धूळ हलकेच काढा, कारण धूळ तशीच ठेवून घासलं तर तीच ओरखडे काढते. बोटांचे ठसे राहिले तर कापड डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओलं करा. पाणी थेट स्क्रीनवर कधीही फवारू नका. थेंब ओघळून खालच्या चौकटीत शिरतात आणि तिथेच पॅनेलची इलेक्ट्रॉनिक जोडणी असू शकते. डाग जात नाही म्हणून अंगठ्याने दाबू नका. उचलतानाही बोटं चौकटीवरच ठेवा.

एखादा ठिपका सतत लाल, हिरवा किंवा निळा दिसत असेल तर तो पिक्सेल अडकला आहे आणि कधीकधी आपोआप सुटतो. कायम काळा असेल तर मेलेला समजा. दाबून, चोळून तो जिवंत करायच्या नादात शेजारचेही जातात. मॉनिटर आणल्या दिवशीच पूर्ण काळी, पांढरी, लाल, हिरवी, निळी स्क्रीन लावून पाहा, म्हणजे परत करण्याची मुदत हातात असते. एखाद-दुसऱ्या ठिपक्यासाठी वॉरंटीत बदल मिळेलच असं नाही. किती सदोष पिक्सेल चालतात याचे नियम कंपन्यांचे वेगवेगळे असतात, ते खरेदीआधीच वाचावेत.

आणि काही झालं तरी मागचं झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा भार काही काळ शिल्लक राहतो.