हवेतून खाली बसणारी धूळ कशी मोजायची

भांडं सरळ उभ्या कडांचं घ्या: तोंड 15 सेंमी, खोली त्याच्या दुप्पट तरी. उथळ ताट चालत नाही, वाऱ्याच्या झोतात बसलेली धूळ पुन्हा उडते. जमिनीपासून 2 मीटरवर, झाडं-भिंतींपासून लांब, 30 दिवस ठेवा. तळाशी थोडं डिस्टिल्ड वॉटर हवंच. आटलं तर भर घाला.

महिना संपला की पानं, किडे 1 मिमीच्या जाळीने काढा. आधी वजन केलेल्या फिल्टर पेपरमधून पाणी गाळा, पेपर 105 अंशांवर सुकवा, गार झाल्यावरच तोला. गरम पेपर तोललात तर आकडा हमखास चुकतो. तोंडाचं क्षेत्रफळ 0.0177 चौ. मी.; 53 मिग्रॅ धूळ भरली, तर 53 ÷ 0.0177 ÷ 30, म्हणजे दिवसाला चौरस मीटरमागे साधारण 100 मिग्रॅ. विरघळलेले क्षार यात येत नाहीत.

खरी गोम हवामानात आहे, म्हणून पाऊस, वारा, आर्द्रता रोज टिपा. 10 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) कण स्थिर हवेत सेकंदाला जेमतेम 3 मिमी खाली येतो. 1 मायक्रॉनचा त्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास. पाऊस जाड कण झटकन धुतो, पण 0.1 ते 1 मायक्रॉनचे बरेचसे निसटतात. जोरदार वाऱ्यात धूळ जास्त उडते, तरी भांड्यात कमी पडते! थंडीतल्या निवांत रात्री वारा नसूनही तेच: धूर जमिनीलगत कोंडतो, भांडं मात्र जवळपास रिकामं. हवेतले कण मोजणारा सेन्सरही लावला असेल, तर धुक्यातले त्याचे आकडे बाजूला काढा. ओलावा शोषून फुगलेले कण तो जास्त मोजतो.