इंग्लंडमधील माध्यमिक शाळेचा प्रवेश : १ मार्चनंतर काय करावे
इंग्लंडमधील सरकारी माध्यमिक शाळांसाठी ३१ ऑक्टोबरपर्यंत अर्ज केलेल्या पालकांना १ मार्च रोजी, किंवा त्या दिवशी सुट्टी असल्यास पुढील कामकाजाच्या दिवशी, एकाच शाळेत जागा देऊ केली जाते. ती शाळा मनाजोगती नसली तरी जागा मुदतीत स्वीकारावीच, कारण त्यामुळे अन्य शाळेच्या प्रतीक्षायादीतील स्थान किंवा अपिलाचा हक्क जात नाही. नाकारल्यास मात्र हातची जागा जाते. प्रतीक्षायादी नाव नोंदवल्याच्या क्रमाने नव्हे, तर घरापासूनचे अंतर, तिथे शिकणारी भावंडे अशा निकषांनुसार लागते, म्हणून आपला क्रमांक खालीही सरकू शकतो. अपिलासाठी किमान २० शालेय दिवस मिळतात. मुलाला हीच शाळा का हवी, ते कागदपत्रांसह मांडावे. या काळात मुलासमोर मिळालेल्या शाळेला नावे मुळीच ठेवू नयेत; सप्टेंबरमध्ये त्याला कदाचित तिथेच जायचे असेल.